जुन्या गाडीला बाहेरची कूलंट टाकी: उंची किती, निपल कुठलं, झाकण कुठलं?

महूनाका_८००
मंडळी, गाडी जुनी आहे, ८०० सीसी, कार्ब्युरेटरवाली. कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) मूळ प्लास्टिकची बाटली वय होऊन जोडावर तडकली आहे. तिच्या जागी ८०० मिलीची ॲल्युमिनियमची गोल टाकी आणली आहे, कुठल्याही गाडीला चालते म्हणतात ती. तिला एक निपल (नळी चढवायचं तोंड) तळाशी आणि एक वर गळ्यापाशी आहे, दोन्ही ८ मिमी. रेडिएटरच्या गळ्यावरचं निपल ६ मिमीचं आहे.

प्रश्न तीन. बॅटरीशेजारी जागा आहे, पण तिथे टाकी रेडिएटरच्या झाकणापेक्षा साधारण वीतभर खाली येते, ते चालेल का? कुठलं निपल कुठे जोडायचं? आणि इंदूरच्या मे महिन्यात पारा ४२-४३ ला टेकतो तेव्हा मोठ्या टाकीने इंजिन थंड राहायला मदत होते का?

राऊचा_पाना
तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण पैसे तिथेच वाया जातात. नाही होत. ही टाकी इंजिन थंड करत नाही. थंड करायचं काम रेडिएटर, पंखा, थर्मोस्टॅट (ठरावीक तापमानाला उघडणारी झडप) आणि पाण्याचा पंप करतात. टाकीचं काम एवढंच की गरम होऊन फुगलेलं कूलंट सांभाळायचं आणि गाडी थंड झाली की ते परत द्यायचं, म्हणजे रेडिएटर कायम काठोकाठ भरलेला राहतो आणि आत हवा शिरत नाही.

हिशोब करून बघा. २० अंशांवरून ९५ अंशांपर्यंत तापताना कूलंट चार ते पाच टक्के फुगतं. यंत्रणेत चार लिटर धरलं तर १६० ते २०० मिली बाहेर येणार. तुमच्या टाकीत थंड असताना ३०० मिली ठेवलं तर गरम झाल्यावर ५०० होईल आणि वर ३०० मिली जागा मोकळी राहील. ती मोकळी जागा लागतेच. भेरूघाट चढून आल्याबरोबर इंजिन बंद केलं की पंप थांबतो, पण धातूत साठलेली उष्णता पाण्यात उतरत राहते आणि टाकीतली पातळी आणखी चढते. टाकी गळ्यापर्यंत भरून ठेवणाऱ्यांचं कूलंट नेमकं तेव्हा रस्त्यावर सांडतं. चढानंतर एक-दोन मिनिटं इंजिन नुसतं चालू ठेवलं तर हा प्रकार बराच कमी होतो.

गाडी तापतच असेल तर टाकीला हात लावण्याआधी पंख्याचा स्विच, थर्मोस्टॅट आणि रेडिएटरच्या जाळीत अडकलेली माती बघा. जाळी इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेने, पाण्याच्या हलक्या धारेने धुवायची. समोरून जोरात मारलेलं पाणी कचरा आणखी आत ठोकतं आणि पाती वाकवतं.

छावणीकर
निपलांचं सांगतो. तळाचं निपल रेडिएटरच्या गळ्याकडे. वरचं मोकळं सोडायचं, त्याला फूट-दीड फूट नळी लावून तोंड खाली जमिनीकडे करायचं. तिच्यातून टाकी श्वास घेते.

उलट जोडलं तर काय होतं? गरम झाल्यावर कूलंट वरून आत पडतं, त्यामुळे सगळं ठीक वाटतं. थंड होताना मात्र रेडिएटर त्याच वरच्या निपलातून ओढतो आणि तिथे फक्त हवा असते. रोज थोडी हवा आत जाते, आठवड्याभरात रेडिएटर दोन बोटं रिकामा होतो आणि टाकी भरलेली दिसते म्हणून कुणी झाकण उघडून बघतही नाही. ही चूक सर्रास होते.

आणि टाकीचं स्वतःचं झाकण हवाबंद असेल तर वरचं निपल कधीही बंद करू नका.

देवासनाका_काका
उंचीबद्दल. वीतभर खाली बिनधास्त बसवा.

रेडिएटर थंड होताना आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, त्यावेळी झाकणाच्या मध्यावरची छोटी चकती उघडते आणि टाकीतलं कूलंट आत खेचलं जातं. १० सेंमी वर उचलायला एक किलोपास्कल ओढ लागते. वीत म्हणजे २० ते २२ सेंमी, म्हणजे दोन किलोपास्कलच्या थोडं वर. थंड होणारा रेडिएटर एवढी ओढ सहज देतो. ३० सेंमीपर्यंत मी हरकत घेणार नाही, त्याखाली नको.

पण नीट लक्षात घ्या, ही सूट बिनदाबाच्या टाकीलाच आहे. ज्या गाड्यांत रेडिएटरला झाकणच नसतं आणि दाबाचं झाकण टाकीवर असतं, तिथे टाकी सगळ्या यंत्रणेत सर्वांत उंच असावी लागते. ती वेगळीच वस्तू आहे.

तेलपाणी
काका, उंचीवर सहमत. पण ॲल्युमिनियमच्या टाकीलाच माझा विरोध आहे. आत किती आहे ते दिसत नाही. मूळ बाटली पांढरट प्लास्टिकची असते ती त्यासाठीच, बॉनेट उचललं की एका नजरेत पातळी कळते. त्याच मापाची नवी प्लास्टिक बाटली मिळत असेल तर तीच घ्यावी, बसवायच्या पट्ट्यासुद्धा करायला नकोत.

राऊचा_पाना
@तेलपाणी, अर्धं मान्य. पातळी न दिसणं हा खरा दोष आहे. म्हणून ॲल्युमिनियमचीच घ्यायची तर बाजूला पारदर्शक नळी असलेली घ्यावी. नसेल तर झाकणाला आतून पट्टी लावून तिच्यावर दोन खुणा कराव्यात. पण प्लास्टिकही कायमचं नसतं. एक्झॉस्टजवळ बसवलं तर पिवळं पडतं, मग ठिसूळ होतं आणि जोडावर उलतं. या धाग्याची सुरुवात तिथूनच झाली आहे.

टाकी ॲल्युमिनियमची असेल तर बसवण्याआधी आतून धुवा. वेल्डिंग आणि भोकं पाडताना निघालेला बारीक चुरा आत राहतो. गरम पाणी अर्धं भरून खळखळवा आणि पांढऱ्या फडक्यातून गाळा. फडक्यावर चकाकणारे कण दिसायचे बंद होईपर्यंत हेच करायचं. तो चुरा रेडिएटरच्या झाकणाच्या चकतीखाली अडकला की चकती बसत नाही.

सियागंज_हार्डवेअर
नळी आणि बसवणी:

६ मिमीच्या निपलावर ८ मिमीची नळी चढवून क्लिप आवळू नका. बाहेरून घट्ट दिसते, पण आत सुरकुती पडून हवा जायला वाट राहते. मध्ये ६ ते ८ मिमीचा पितळी जोड टाका आणि दोन्ही बाजूंना आपापल्या मापाची नळी लावा.

नळी ईपीडीएम रबराची किंवा सिलिकॉनची. पारदर्शक पीव्हीसी नळी गरम कूलंटने मऊ पडते आणि ओढ लागली की चपटी होते. पेट्रोलची नळी ग्लायकॉलसाठी, म्हणजे कूलंटमधल्या मुख्य द्रवासाठी, केलेली नसते, ती कडक होत जाते. वळण मुठीपेक्षा लहान नको.

खाली २५ × ३ मिमीची पट्टी वाकवून बैठक करा, टाकीचं वजन बैठकीवर पडलं पाहिजे. गोल क्लॅम्प फक्त हलू नये म्हणून. भरलेली टाकी किलोच्या वर जाते, नुसत्या क्लॅम्पवर लटकवली तर खड्ड्यांत वेल्ड सोडते. पट्टी आणि टाकी यांच्यामध्ये ३ मिमी रबर शीट, बोल्ट एम-६ आणि नट नायलॉनवाले. बैठक बॉडीला लावायची, इंजिनला कधीच नाही, कारण इंजिन रेस केलं की हलतं. शक्यतो आधीच असलेले बोल्ट वापरा. बॅटरीशेजारी बसवत असाल तर टाकी आणि बॅटरीचं धन टोक यांत भरपूर अंतर ठेवा आणि टोकावर रबरी टोपी हवीच, शेवटी ॲल्युमिनियम वीज वाहतं.

बॉनेटला लागते का ते बघायला टाकीच्या झाकणावर कणकेचा गोळा ठेवा, बॉनेट बंद करा, उघडा आणि गोळ्याची जाडी मोजा. २० मिमीपेक्षा कमी भरली तर टाकी खाली घ्या.

पोहेजलेबी
कणीक बाफल्याची, म्हणजे घट्ट मळलेली, घ्यावी, चपातीची पसरते 🙂
बाकी युक्ती एकदम बरोबर आहे. गोळ्याखाली प्लास्टिकचा कागद ठेवा.

जीपवाला_मानपूर
थोडं विषयाला जोडून विचारतो. जुनी जीप आहे, रेडिएटरच्या गळ्यावरून नळी सरळ जमिनीकडे जाते, बाटलीच नाही. त्या नळीला टाकी जोडली की झालं का?

देवासनाका_काका
@जीपवाला_मानपूर, नाही हो. तुमच्या झाकणाकडे उलटं करून बघा. बाटलीवाल्या यंत्रणेच्या झाकणाला दोन रबरं असतात. खालचं स्प्रिंगवरचं, ते दाब धरतं. आणि एक अगदी वर, पत्र्याला चिकटलेलं, जे गळ्याच्या वरच्या काठावर बसतं. जमिनीवर सोडणाऱ्या जुन्या झाकणांना वरचं रबर बहुधा नसतं, कारण तिथे परत ओढायचं काहीच नव्हतं. तसंच झाकण ठेवून टाकी जोडली तर जाताना कूलंट टाकीत जातं, पण परत येताना झाकणाच्या काठातून हवा आत येते. हवा ओढणं सोपं, कूलंट उचलणं अवघड, म्हणून हवाच येते.

झाकण बदलताना तीन गोष्टी जुळवा. दाब, मूळ झाकणावर छापलेला असेल तोच. काठाचा व्यास. आणि गळ्याची खोली, म्हणजे वरच्या काठापासून खालच्या बैठकीपर्यंतचं अंतर. १९ मिमी आणि २५ मिमी अशा दोन खोल्या सर्रास सापडतात. उथळ झाकण खोल गळ्यावर बसवलं तर खालचं रबर टेकतच नाही आणि दाब धरला जात नाही.

खंडवा_रोड
दाबाचा विषय निघालाच आहे तर, ०.९ बारच्या जागी १.३ बारचं झाकण लावलं की घाटात पाणी उकळत नाही. सोपा उपाय.

राऊचा_पाना
@खंडवा_रोड, भिया, हा उपाय जुन्या गाडीत करू नका. दाब वाढवल्याने तापमान उतरत नाही, फक्त उकळबिंदू वर सरकतो. नुसतं पाणी ०.९ बारला साधारण ११८-११९ अंशांवर उकळतं, १.३ बारला १२४-१२५ वर. या सहा अंशांसाठी पंचवीस-तीस वर्षांच्या रेडिएटरच्या जोडांवर, हीटरच्या जाळीवर आणि सगळ्या होजवर (जाड रबरी नळ्यांवर) जवळजवळ दीडपट दाब येतो. जो जोड सर्वांत कच्चा तो फुटतो. हीटरची जाळी फुटली तर उकळतं पाणी पायांवर येतं.

घाटात उकळत असेल तर पाणी का तापतंय ते शोधावं लागेल.

खंडवा_रोड
मुद्दा पटला. हीटरच्या जाळीचा विचार केला नव्हता.

नर्मदाजल
कूलंटमध्ये मिसळायच्या पाण्याबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. बोअरचं पाणी अजिबात नको. आपला माळवा काळ्या बेसाल्ट खडकावर बसला आहे, बोअरचं पाणी जड असतं आणि तापलं की क्षार धातूवर पापुद्र्यासारखे बसतात. नर्मदेचं नळाचं पाणी प्यायला छान, पण क्षार त्यातही आहेत. आरओचं पाणी चालेल असं बरेच जण म्हणतात, मात्र अनेक आरओ यंत्रं चवीसाठी थोडे क्षार परत सोडतात. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी घ्या, पाच लिटरचा कॅन फार महाग नसतो.

कूलंट आणि पाणी अर्धं-अर्धं. इथे गोठण्याची भीती नाही म्हणून काही जण ३० टक्क्यांवर ठेवतात, उष्णता वाहून नेण्यात पाणी ग्लायकॉलपेक्षा सरस असतं हे खरंच आहे. पण ३० च्या खाली जाऊ नका, गंज रोखणारी रसायनं पातळ पडतात. डब्यावर जेआयएस के २२३४ किंवा एएसटीएम डी ३३०६ असं मानक छापलेलं बघा. रंगावर जाऊ नका, हिरवा-लाल-निळा हे रंग कंपनीने आपल्या सोयीने घातलेले असतात. दोन वेगळ्या जातीची कूलंटं मिसळली तर गाळ तयार होऊ शकतो.

पोहेजलेबी
ताई, घरच्या एसीच्या नळीतून पडणारं पाणी? ते तर हवेतूनच येतं ना.

नर्मदाजल
हवेतून येतं, पण कॉइलवरची धूळ, बुरशी आणि तांबं-ॲल्युमिनियमचे अंश घेऊन येतं. झाडांना घाला.

अजून एक, कळकळीने सांगते. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि विषारी असतं. गल्लीतली कुत्री-मांजरं सांडलेलं चाटतात आणि थोड्याशानेही मूत्रपिंडं निकामी होऊन मरतात. काढलेलं कूलंट उघड्या घमेल्यात ठेवू नका, सांडलेलं लगेच भरपूर पाण्याने धुवा. नळी तोंडाने ओढून बघायची सवय असेल तर ती आजपासून बंद.

विजयनगर_नवीगाडी
माझ्या गाडीत रेडिएटरला झाकण नाही, टाकीवरच १.४ लिहिलेलं झाकण आहे. हीच ॲल्युमिनियमची टाकी तिथे बसेल का?

देवासनाका_काका
मुळीच नाही. तुमची टाकी दाबाखाली असते आणि गरम कूलंट सतत तिच्यातून फिरतं. ही टाकी बिनदाबाची आहे, वेल्ड उसवेल किंवा नळी सुटेल आणि उकळतं कूलंट अंगावर येईल. त्याच गाडीसाठीची, त्याच दाबाची टाकी घ्या.

महूनाका_८००
सगळ्यांचे आभार. टाकी बसवली. तळाचं निपल रेडिएटरकडे, मध्ये ६-८ चा पितळी जोड, ईपीडीएम नळी ४५ सेंमी, वरची नळी खाली सोडली. कणकेचा गोळा २६ मिमी आला. टाकीतली पातळी रेडिएटरच्या झाकणाच्या २१ सेंमी खाली.

पण गडबड आहे. थंड असताना ३०० मिली होतं, गरम झाल्यावर ४८० झालं आणि सकाळी ४७०. म्हणजे परत गेलंच नाही. रेडिएटर दोन बोटं रिकामा. उंचीचाच दोष असेल का?

तेलपाणी
भरताना हवा नीट काढली होती ना? रेडिएटर काठोकाठ, हीटर पूर्ण गरमवर, झाकण उघडं ठेवून इंजिन थंड असताना सुरू करायचं, वरची होज हाताने दाबत राहायचं, बुडबुडे थांबेपर्यंत पातळी भरत राहायची. बहुतेक पेट्रोल गाड्यांत थर्मोस्टॅट ८२ ते ८८ अंशांच्या दरम्यान उघडतो, तेव्हा पातळी एकदम खाली जाते. ती भरून मग झाकण लावायचं. गाडीचं तोंड चढाकडे ठेवलं तर हवा लवकर निघते. पहिल्या दोन-तीन दिवसांत थोडी घट होणं साहजिक आहे.

राऊचा_पाना
@तेलपाणी, हवा राहिली असती तर रेडिएटर रिकामा झाल्यावर टाकीतून कूलंट ओढलं गेलं असतं. इथे टाकी भरलेली आहे. परतीची वाट तुटली आहे.

@महूनाका_८००, सकाळी गाडी पूर्ण थंड असताना, झाकण न उघडता, रेडिएटरची वरची होज बघा. चपटी झाली आहे की गोल आहे? चपटी असेल तर आत ओढ आहे पण वाट बंद आहे, म्हणजे नळी मुडपली आहे किंवा झाकणाची मधली चकती चिकटली आहे. गोल असेल तर कुठून तरी हवा येते आहे.

महूनाका_८००
होज गोल आहे. अजिबात चपटी नाही.

देवासनाका_काका
मग उंचीचा दोष नाही. हवा झाकणाच्या काठातून येते आहे किंवा त्या पितळी जोडातून. औषधाच्या दुकानातून ५० मिलीची सिरिंज आणा. इंजिन थंड असताना नळी टाकीकडून काढा, आतलं कूलंट भांड्यात उतरू द्या, नळीच्या तोंडात सिरिंज घट्ट बसवा आणि दट्ट्या मागे ओढून सोडा. दट्ट्या परत आत गेला तर सगळं हवाबंद आहे. जिथे ओढला तिथेच राहिला तर गळती आहे. मग नळी गळ्याच्या निपलापासून काढून, तिचं ते टोक बोटाने बंद करून तेच करा. आता दट्ट्या परत गेला तर नळी आणि जोड चांगले, दोष झाकणात किंवा गळ्यावर.

महूनाका_८००
पहिल्यांदा दट्ट्या जागीच राहिला. नळीचं टोक बंद केल्यावर मात्र झटकन परत गेला.

झाकण उलटं करून बघितलं. काकांनी जीपवाल्यांना सांगितलं होतं तसंच निघालं, खालचं रबर आहे, वरचं नाहीच. ०.९ बरोबर छापलेलं आहे, म्हणून शंका आली नव्हती.

छावणीकर
दाब जुळला म्हणजे झाकण जुळलं असं नाही. नवं घेताना दुकानातच उलटं करा, दोन्ही रबरं बघा आणि मधली चकती नखाने हलकेच ओढा, ती सुटून परत बसली पाहिजे. गळ्याचा वरचा काठही बोटाने चाचपा. पाना लागून खड्डा पडला असेल तर नवं रबरही तिथे टेकणार नाही. बारीक असेल तर सपाट लाकडाच्या तुकड्यावर ६०० नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळून घासून घ्या, गळ्यात आधी फडकं कोंबून.

महूनाका_८००
काठ साफ आहे. दोन रबरांचं ०.९ चं झाकण आणलं. सिरिंजला दट्ट्या परत जातो आहे. रेडिएटर भरून, हवा काढून तीन दिवस मोजलं:

पहिला दिवस: गरम ४९०, सकाळी २७०
दुसरा: गरम ४६०, सकाळी २६०
तिसरा: गरम ४६०, सकाळी २६०

रेडिएटर काठोकाठ.

राऊचा_पाना
पहिल्या रात्री गेलेले ३० आणि दुसऱ्या रात्रीचे १० मिली म्हणजे उरलेली हवा निघून तिथे कूलंट गेलं. आता २६० ला स्थिर आहे. ४० मिली घालून ३०० करा, झाकणाच्या आतल्या पट्टीवर थंड असताना ३०० ची आणि गरम असताना ५०० ची खूण करा. सकाळी पातळी खुणेच्या खाली सरकत गेली तर बाहेर गळती शोधा. रोज वर सरकत गेली आणि टाकीत बुडबुडे येत राहिले तर हेड गॅस्केट (इंजिनचं डोकं आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) तपासून घ्या. टाकीवर धरून बघायचं निळं द्रावण मिळतं, जळलेला वायू आला की पिवळं पडतं.

सियागंज_हार्डवेअर
पाचशे किलोमीटरनंतर क्लिपा आणि बैठकीचे बोल्ट एकदा बघा. नवं रबर दबून क्लिप सैल होते.

जीपवाला_मानपूर
इकडे झाकण उलटं करून बघितलं, वरचं रबर नाही. गळ्याची खोली कशाने मोजायची, पट्टी आत नीट बसत नाही.

देवासनाका_काका
व्हर्नियरच्या मागच्या दांडीने. नसेल तर काडी खालच्या बैठकीच्या कडेवर उभी टेकवा, वरच्या काठाशी नखाने खूण धरा आणि ती पट्टीवर मोजा. गळ्याच्या मधल्या भोकात जाऊ देऊ नका, माप चुकेल. चार ठिकाणी मोजा, जुने गळे वाकलेले असतात.

जीपवाला_मानपूर
चारही ठिकाणी २५.

देवासनाका_काका
मग खोल गळ्याचं, दोन रबरांचं, तुमच्या जुन्या झाकणावर छापलेल्या दाबाचं. जुनं झाकण दुकानात सोबत न्या.